तिथीची पाऊणपट

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचं एक तोंडी गणित आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरती दिवसा-रात्री मिळून दोनदा येते, त्यामुळे दुपारचा आकडा ढोबळमानाने रात्रीलाही चालतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यामागचं कारण चंद्र. तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाढ्यात पंचेचाळीस मिनिटं धरली आहेत. पाच मिनिटांच्या फरकाने कुणाची होडी अडत नाही. खाडीच्या आत, किनाऱ्याच्या वळणांमुळे किंवा वाऱ्याच्या जोरामुळे अर्धा-पाऊण तास इकडचा तिकडे होतो, तेवढी सूट गृहीतच असते. पावकी-निमकीसोबत शाळेतून पाऊणकी गेली, त्यामुळे मुलांना हा हिशेब गुणाकार करून घालावा लागेल, पण चालतो तो आजही.

सुट्टी आणि फोन यांवरच्या प्रकरणाची सुरुवात पाढ्याने करायला कारण आहे. चार दिवस समुद्राजवळच्या घरात राहायचं आणि त्या चार दिवसांत फोन बघायचा नाही, असं ठरवून निघणारी कुटुंबं हल्ली बरीच भेटतात. त्यांतली निम्मी दुसऱ्या दुपारी हरतात. आपला निर्धार कमी पडला असं त्यांना वाटतं. माझ्या मते कमी पडतं ते वेळापत्रक. फोन दिवसाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात काहीतरी भरून देतो. तो काढून घेतला की तुकडे तसेच मोकळे राहतात. ते भरायला दुसरं काही आणलं नसेल, तर माणूस फार वेळ टिकत नाही.

किती टिकत नाही, याचा एक जरा हसू आणणारा पुरावा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. माणसाला रिकाम्या खोलीत सहा ते पंधरा मिनिटं बसवायचं. फोन नाही, पुस्तक नाही, काही नाही. फक्त विचार करत बसायचं. त्यांतल्या एका प्रयोगात खोलीत विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण ठेवलं होतं. झटका कसा लागतो ते आधी चाखवलेलं होतं, आणि तो टाळण्यासाठी पदरचे पैसेही देऊ असं या मंडळींनी सांगितलेलं होतं. तरीसुद्धा पंधरा मिनिटांत १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःच ते बटण दाबलं. रिकामपणापेक्षा झटका बरा. दुसऱ्या दुपारी, जेवण झाल्यावर, पडवीत लोळत ‘कंटाळा आला’ म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला रागावण्याआधी हा प्रयोग आठवावा.

फोन गप्प पडून असला तरी तो काहीतरी मागत असतो, असंही म्हणतात. टेक्सास विद्यापीठाच्या एड्रियन वॉर्ड यांनी २०१७ मध्ये माणसांचे गट करून त्यांना लक्ष आणि स्मरण तपासणाऱ्या चाचण्या दिल्या. एका गटाचा फोन टेबलावर पालथा, दुसऱ्याचा खिशात किंवा पिशवीत, तिसऱ्याचा शेजारच्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद. शेजारच्या खोलीत फोन ठेवलेल्यांचे गुण सर्वांत चांगले, टेबलावर ठेवलेल्यांचे सर्वांत कमी आले. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल संमिश्र निघाले, त्यामुळे तो ब्रह्मवाक्य मानू नये. पण घरात फोन कुठे ठेवायचा हा प्रश्न क्षुल्लक नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांचं मोजमाप जास्त भक्कम आहे. माणूस संगणकाच्या पडद्यावरच्या एका गोष्टीवर सलग किती वेळ टिकतो, हे त्या वीस वर्षं मोजत आल्या. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती. अलीकडच्या वर्षांत ती सुमारे ४७ सेकंदांवर आली.

सत्तेचाळीस सेकंदांच्या सवयीने माणूस सहा तासांच्या ओहोटीसमोर जाऊन बसतो, तेव्हा पहिला दिवस चिडचिडीत जाणारच. खिशात फोन नसताना मांडीवर तो थरथरल्याचा भास होणं हाही त्यातलाच प्रकार. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात २०१२ मध्ये २९० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा ८९ टक्क्यांनी असा भास झाल्याचं सांगितलं. आजार वगैरे काही नाही. कापडाची घडी सरकली तरी मेंदू तिचा अर्थ ‘फोन’ असा लावायला शिकलेला असतो.

समुद्राकडे पाठ केलेलं घर

आता घराकडे वळू. गुहागर, दापोलीजवळचं मुरूड, दिवेआगर या गावांची ठेवण एकसारखी आहे. किनाऱ्याला समांतर जाणारा एक लांबलचक रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना घरं. जांभ्याचे चिरे, वर कौलं, पुढे पडवी, आत माजघर, मागच्या दारी विहीर आणि तिच्यापलीकडे नारळी-पोफळीची वाडी. वाडी संपली की सुरूची झाडं, मग वाळू. म्हणजे समुद्राकडच्या अंगाचं घरसुद्धा तोंड रस्त्याकडे करून बसलेलं असतं आणि समुद्राला त्याने पाठ दिलेली असते. जुन्या माणसांना समुद्र बघायचा नव्हता. खारा वारा आणि पावसाळ्यातलं उधाण यांपासून दूर राहायचं होतं. त्यामुळे अशा घरात समुद्र दिसत नाही, रात्रभर ऐकू मात्र येतो. काचेच्या भिंतीचं समुद्रदर्शन विकणारी नवी बांधकामं आली ती अगदी अलीकडे, आणि त्यांच्या लोखंडी ग्रीलला किती लवकर गंज चढतो हे मालकांना विचारावं.

यांतल्या कित्येक घरांना वर्षातले बरेच महिने कुलूप असे. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येणार, तेवढ्यापुरता ओटा सारवायचा. आता त्याच घरांत पाहुणे उतरतात. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास न्याहारी’ योजनेने अशा घरगुती मुक्कामाला एक रीतसर चौकट दिली. वेळासला तर गावानेच कासवांच्या निमित्ताने (ती गोष्ट पुढे येईल) आपली माजघरं पाहुण्यांना उघडून दिली. पूर्वी या गावांत रेंज नसायची, म्हणून शांतता फुकट मिळे. आता चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा वायफायचा. शांतता आता गावाकडून मिळत नाही, ती पाहुण्यालाच सोबत न्यावी लागते.

यजमानीणबाई मात्र अजून जुन्या घड्याळावर चालतात. सकाळी घावन आणि चहा होतो, पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतं, ‘काकू, पाण्यात कधी जायचं?’

‘आत्ताच जाऊन या. बाराच्या सुमाराला भरेल. मग पाणी ओढायला लागतं. जेवून परत आत शिरायचं नाही हो दादा, मुलांना तर मुळीच सोडू नका.’

हे सगळं त्या फोन न बघता सांगतात. पौर्णिमा कालच होऊन गेली हे त्यांना ठाऊक असतं, एवढंच. पाणी चढत असताना लाटेचा रेटा किनाऱ्याकडे असतो. उतरायला लागलं की ओढ बाहेर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि तेवढंच जास्त उतरतं. मुंबईजवळ हा चढउतार साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, दक्षिणेला गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास येतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तिला जोर कमी. शहरातून आलेला माणूस जेवून, थोडा पडून, चारला पाण्यात उतरतो. पौर्णिमेच्या सुमारास नेमकी ती वेळ पाणी बाहेर धावण्याची असते.

इथे वेळापत्रकाचा मुद्दा प्रत्यक्ष दिसतो. सकाळी पाणी चढतंय तोवर डुंबायचं, भरली की परत. दुपारी जेवण आणि झोप. पाचला पाणी लांब गेलेलं असतं आणि ओल्या वाळूचं मोठं मैदान मोकळं झालेलं असतं, तेव्हा चालायला. उद्या हे सगळं पाऊण तास पुढे. मुलांना ही सरकती घंटा एकदा समजली की ती स्वतःहून पाढा घालायला लागतात. ‘उद्या तृतीया, म्हणजे सव्वादोनला!’ असं जेवताना ओरडून सांगणारी मुलगी त्या क्षणापुरती तरी फोन विसरलेली असते, आणि तिला कुणी ‘फोन ठेव’ म्हटलेलं नसतं.

ओल्या वाळूत

ओहोटीच्या मैदानावर करण्यासारखी सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे उकिडवं बसणं. पाणी हटून थोडा वेळ झाला की वाळूत बारीक भोकं दिसायला लागतात आणि त्यांतून वाटाण्याएवढे खेकडे वर येतात. हा खेकडा नांग्यांनी वाळू उचलून तोंडाशी नेतो, तिच्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव चाळून खातो, आणि उरलेली वाळू गोळी करून टाकून देतो. गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी. एक टाकली की एक पाऊल पुढे, मग दुसरी. भोकापासून सुरू होणारी रांग संपली की तो परत भोकाशी येतो आणि वेगळ्या दिशेने नवी रांग धरतो. थोड्या वेळात भोकाभोवती किरणांची नक्षी तयार होते. रांगांच्या मधून एक वाट मात्र त्याने कायम मोकळी ठेवलेली असते, कारण पळायची वेळ आली तर गोळ्यांत पाय अडकायला नकोत.

तुम्ही पाऊल टाकलंत की वाळूच्या कंपनाने आसपासचे सगळे एका क्षणात गायब. पुन्हा बघायचे असतील तर न हलता बसून राहायचं. पाचेक मिनिटांनी एक डोळा वर येतो. खेकड्याचे डोळे देठांवर असतात, तेव्हा आधी देठ, मग पाठ, मग धीर आला की पहिला घास. लहान मुलं हे बघायला आश्चर्य वाटेल इतका वेळ स्तब्ध बसतात. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्याने १९८९ च्या आपल्या पुस्तकात यावर एक सिद्धांत मांडला होता. ठरवून एकाग्र होण्याने मेंदू दमतो. पण लाटा, ढग, पानांची सळसळ अशा गोष्टी लक्ष ओढतात ते अलगद, त्यात दमणूक नसते, आणि तेवढ्या वेळात दमलेली शक्ती भरून निघते. गोळ्या करणारा खेकडा या यादीत बसवायला कॅप्लन दांपत्याची हरकत नसावी. पुढच्या भरतीला सगळी नक्षी पुसली जाते आणि खेकडा पुढच्या ओहोटीला पहिल्या गोळीपासून सुरुवात करतो.

सिंधुदुर्गात गेलात आणि नशीब असेल तर रापण बघायला मिळते. होडी किनाऱ्यावरून दोराचं एक टोक ठेवून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक बरंच पुढे किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या दोन फळ्या. कमरेतून मागे झुकायचं, टाच वाळूत रोवायची, एका तालात ओढायचं. ओढता ओढता दोन्ही फळ्या एकमेकींच्या जवळ सरकतात. हे काम तासाहून जास्त चालतं. जाळ्याचा बोंगा उथळ पाण्यात आला की बांगडा, तारली, पेडवे, मधूनच एखादा फुरसतीत फुगणारा केंड मासा, आणि सगळ्यांच्या आरोळ्या. मिळकतीचे वाटे पडतात: माणसांचे, होडीचा, जाळ्याचा. किनाऱ्यावर उभ्या पाहुण्याने दोराला हात लावला तर सहसा कुणी नको म्हणत नाही, आणि शेवटी कालवणापुरती मासळी त्याच्या हातात पडते. दोर ओढताना दोन्ही हात लागतात, ओले आणि वाळूने भरलेले. फोन धरायला तिसरा हात नाही. ट्रॉलर आणि दिवे लावून होणाऱ्या मासेमारीने रापणीचं कंबरडं मोडत आलं आहे, म्हणून मुलांना ती आत्ताच दाखवावी.

आणखी एक गोष्ट फुकटात होते, ती डोळ्यांची. वाळूवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असणाऱ्या माणसाला क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर दिसतं. दहा मीटर उंच खडकावर चढलात तर अकरा किलोमीटरच्या पलीकडे. एवढं लांब बघताना डोळ्याच्या भिंगाला आकार देणारा स्नायू सैल पडतो. हातभर अंतरावरच्या पडद्यासाठी तो दिवसभर आवळलेला असतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा उघड्यावर घालवायला लावलेल्या मुलांची तीन वर्षांनी तपासणी झाली. त्यांच्यात नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचं प्रमाण ३०.४ टक्के होतं, बाकीच्यांत ३९.५. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार दिवसांच्या सुट्टीने चष्मा टळणार नाही, हे उघड आहे. पण रोजच्या चाळीस मिनिटांची आठवण तरी घरी न्यावी.

अंधार

समुद्रकाठच्या सुट्टीत शहरवासीयांना सर्वांत अनोळखी वाटते ती गोष्ट पाणी नसून अंधार असते. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनच्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती कमाई बरीचशी वाया जाते. हिवाळ्यात कोकणच्या काही किनाऱ्यांवर रात्री लाट फुटताना निळसर उजळते. नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव पाणी हललं की चमकतात, त्याचा हा उजेड. तो फिका असतो. विजेऱ्या आणि फोन घेऊन आलेल्या घोळक्याला तो दिसतच नाही, आणि ‘इथे काही नाही’ म्हणून ती मंडळी परत जातात.

वेळासला हा धडा कासवांनी शिकवला. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणविसांचं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पुढे त्यातून फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यानचा कासव महोत्सव उभा राहिला. अंड्यातून निघालेलं पिल्लू समुद्र ओळखतं ते प्रामुख्याने उजेडावरून: मोकळ्या पाण्यावरचं क्षितिज झाडीच्या बाजूपेक्षा उजळ असतं. किनाऱ्यावर दिवा असला की पिल्लू दिव्याकडे वळतं. म्हणून दोरीमागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही. गंमत अशी की माणसांचे फोन खिशात गेलेल्या याच किनारपट्टीवर कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं चढली. २०२३ मध्ये गुहागरहून अशी खूण लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, आणि तिचा रस्ता लोकांनी आपापल्या फोनवर पाहिला. फोनच्या नावाने सरसकट बोटं मोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

अंधाराचा मोठा फायदा झोपेला. कोलोरॅडो विद्यापीठाचे केनेथ राइट यांनी आठ जणांना उन्हाळ्यात आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहायला नेलं. सूर्य आणि शेकोटी सोडून दुसरा प्रकाश नाही; विजेरी नाही, फोन नाही. २०१३ मध्ये आलेल्या निकालानुसार त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं आणि सूर्याच्या जवळपास येऊन बसलं. पुढे याच गटाने नुसत्या शनिवार-रविवारच्या मुक्कामातही त्यातला बराचसा बदल दाखवून दिला. उलट बाजूचा प्रयोगही झालेला आहे. झोपण्याआधी चार तास उजळ पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि झोप आणणारं मेलॅटोनिन दबलं. त्यात माणसं बाराच होती, तरी दिशा स्पष्ट आहे. किनाऱ्यावर आलेली मुलं नऊला पेंगायला लागतात याचं श्रेय आपण खाऱ्या वाऱ्याला देतो. थोडं अंधारालाही द्यावं.

रोवळीचा नियम

फोन प्रत्यक्ष बाजूला कसा ठेवायचा? इथे उपदेशापेक्षा व्यवस्था कामाला येते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, आणि पुढचा दीड तास कुठल्याही घरात टीव्ही आणि मोबाइल चालणार नाही. मुलं अभ्यास करतील. त्यातली खरी युक्ती दीड तासात नाही, ‘कुठल्याही घरात’ या अटीत आहे. एकट्याने फोन बंद केला की आपलं काहीतरी बुडतंय असं वाटतं. सगळ्यांनीच केला की बुडण्यासारखं काही उरत नाही.

सुट्टीतल्या घरात भोंगा नको, तांदूळ धुवायची रोवळी पुरते. पोचल्याबरोबर सगळ्यांचे फोन बंद करून तिच्यात, आणि रोवळी माजघरातल्या फडताळात. सगळ्यांचे म्हणजे आजी-आजोबांचेही. मुलांच्या फोनबद्दल घरोघरी चर्चा होते, पण दुपारभर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावून बसणाऱ्या आजोबांना कोण सांगणार? हे काम नातवंडांवर सोपवावं, ती चोख करतात. बाबांच्या ‘फक्त ऑफिसचा एक मेल’ला सूट दिली तर नियम त्याच संध्याकाळी मेला असं समजावं. ऑफिसला आधीच कळवून ठेवता येतं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्याचं पाठबळ आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोवर साहेबांना सांगणं आपल्याच जिवावर.

एक फोन मात्र चालू हवा. तो एका मोठ्या माणसाच्या ताब्यात, फक्त फोन येण्यापुरता आणि ११२ लावण्यापुरता. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचे उंच लाटांचे इशारे बघून घ्यावेत. बाकी फोनच्या पोटात लपलेल्या वस्तू वेगवेगळ्या काढून सोबत घ्याव्या लागतात: गजराचं घड्याळ, विजेरी, पत्त्यांचा जोड, कागदावर लिहिलेला रस्ता, आणि रोख पैसे. शहाळेवाल्याकडे स्कॅन करायला म्हणून रोवळीतून निघालेला फोन परत आत जात नाही. कालनिर्णयचं त्या महिन्याचं पानही घ्यावं, पाढ्यासाठी तिथी लागते.

फोटोचं काय, असा प्रश्न येतोच. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून काही वस्तूंचे फोटो काढायला लावले आणि काही नुसत्या बघायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू त्यांना कमी आठवत होत्या. एखाद्या बारकाव्याजवळ जाऊन फोटो काढला असेल तर मात्र आठवण शाबूत राहिली. तेव्हा घरात जुना डिजिटल कॅमेरा पडून असेल तर तो मुलांच्या हाती द्या आणि खेकड्याच्या गोळ्यांचे फोटो काढायला सांगा. सूर्यास्ताचे फोटो जगात पुरेसे झाले आहेत.

एवढं करून मिळतं काय? कॅलिफोर्नियात सहावीतली ५१ मुलं पाच दिवस पडद्याविना निसर्ग शिबिरात राहिली. चेहऱ्यावरून आणि हावभावांवरून भावना ओळखण्याच्या चाचणीत ती परत आल्यावर, घरीच राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारलेली दिसली. हा २०१४ चा अभ्यास पालकांच्या मेळाव्यांत फार सांगितला जातो. सांगणारे एक गोष्ट गाळतात: सुधारणा पडदा नसल्यामुळे झाली की दिवसभर दुसऱ्या मुलांच्या तोंडाकडे बघत राहिल्यामुळे, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं. पत्ते कुटताना समोरच्याचा चेहरा वाचावाच लागतो. फोन नुसता काढून घेतलेलं आणि पत्ते न आणलेलं कुटुंब या फायद्याला मुकेल.

आणि फायदा टिकतो किती? फारसा नाही. नेदरलँड्समध्ये जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सरासरी २३ दिवसांची लांबलचक सुट्टी घेणाऱ्या नोकरदारांचा मागोवा घेतला. त्यांचं बरं वाटणं आठव्या दिवसाच्या सुमाराला सर्वांत वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर आलं. त्याच देशातल्या दुसऱ्या, दीड हजारांवर लोकांच्या अभ्यासात सुट्टीला जाणारे सर्वांत खूश दिसले ते जाण्याच्या आधी. म्हणून वर्षातून एकदा पंधरा दिवस गाठीला बांधून ठेवण्यापेक्षा, तीन-चार दिवसांच्या दोन-तीन सुट्ट्या घेणं शहाणपणाचं. आखणी करण्यातली मजाही तितक्या वेळा मिळते.

ती आखणी करताना शनिवार-रविवारसोबत तिथीही बघा. लहान मुलं बरोबर असतील तर डिसेंबर-जानेवारीतली अमावास्या घ्या. सकाळी पाणी चढतं असतं तेव्हा किनाऱ्यालगत डुंबून घेता येतं, पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-साडेपाचला, म्हणजे सूर्य बुडायच्या आधी वाळू सर्वांत रुंद, आणि रात्र इतकी काळी की लाटेतला उजेड असलाच तर दिसेल. अष्टमीला गेलात तर नेमकी संध्याकाळी सहाला भरती आणि फिरायला जागा कमी. अमावास्येला घराबाहेर पडायचं नाही असं कुणी ज्येष्ठ म्हणालेच, तर त्रयोदशीला निघा. अमावास्येला प्रस्थान नको म्हणतात, मुक्कामाला कुणाची हरकत नसते.